सात ते दहा

पाच वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या लग्नाचे रिसेप्शन मडगावजवळच्या एका सभागृहात झाले. माझी मावशी तेव्हा 81 वर्षांची होती. पेडण्याहून निघून, म्हापसा आणि पणजी येथे बस बदलून, हातातली कापडी पिशवी एकदाही खाली न ठेवता ती तिथे पोहोचली. रांगेत उभी राहून मंचावर चढली, नव्या सुनेचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ती तिला काहीतरी सांगू लागली. मंचाच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे स्पीकर रचलेले होते. सुनेने वाकून कान जवळ नेला, मावशीने तेच पुन्हा सांगितले, सुनेने मान हलवून ऐकू येत नसल्याची खूण केली आणि मावशीने तिसऱ्यांदा सांगून पाहिले. मग तिने सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि ती कठड्याला धरून खाली उतरली.

संगीताची व्यवस्था ज्यांच्याकडे सोपवली होती, त्यांच्या माणसाकडे मी त्या संध्याकाळी दोनदा जाऊन आवाज कमी करण्याची विनंती केली. दोन्ही वेळा त्याने मान डोलावून एक कळ खाली सरकवली आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांत आवाज पूर्वीसारखा झाला. त्याची नजर सबंध वेळ समोरच्या पडद्यावर होती. सभागृहात कोण बसले आहे, कोण उठून चालले आहे, याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. रात्री घरी आल्यावर मी मावशीला विचारले, ‘‘सुनेला काय सांगत होतीस?’’ ती म्हणाली, ‘‘ते तिथे सांगायचे होते गो. आता नाही.’’ त्यानंतर तिने ते कधीही सांगितले नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही.

म्हणून गेल्या वर्षी मुलीचे लग्न ठरले, तेव्हा जेवण, फुले, निमंत्रणे, दागिने या सगळ्यांतून मी बाजूला झाले आणि रिसेप्शनच्या संगीताचे काम मागून घेतले. घरातल्यांना याचे नवल वाटले, कारण हे काम साधारणपणे तरुण मुलांवर सोपवले जाते आणि तेही शेवटच्या पंधरवड्यात. मला मात्र त्यासाठी चार महिने हवे होते.

लग्न सकाळी कवळ्याला देवळाच्या आवारात आणि रिसेप्शन त्याच संध्याकाळी फोंड्यात, असे ठरले होते. जावई साताऱ्याचे. पहिल्याच भेटीत विहीणबाईंनी मोठ्या हौसेने विचारले, ‘‘गोव्यातलं लग्न म्हणजे बँड असणारच ना?’’ मुलीला आणि तिच्या पुण्याच्या मैत्रिणींना नाचायचे होते. माझ्या दिरांना सनई हवी होती. माझ्या यजमानांच्या मनात नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. ते गेली 30 वर्षे गावच्या भजनी मंडळात तबला वाजवतात, आणि दीनानाथ मंगेशकर व जितेंद्र अभिषेकी ज्या मंगेशीचे, ते गाव आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. अशा ठिकाणी मुलीच्या लग्नात नाट्यसंगीत झाले नाही तर कुठे व्हायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

तरीही मी त्याला नकार दिला, आणि त्या नकाराची कारणे मला त्यांना बरीच उलगडून सांगावी लागली. नाट्यगीत हे ऐकण्याचे संगीत आहे. गाणारा शब्दावर थांबतो, तान घेऊन समेवर येतो, आणि त्या क्षणी समोरून दाद येणे हा त्या गाण्याचाच भाग असतो. रिसेप्शनमध्ये त्याच क्षणी कोणीतरी सोलकढीची वाटी हातात घेऊन ओळखीच्या माणसाला हाक मारत असते, आणि त्यात त्याचे काहीही चुकत नाही, कारण तो भेटायला आणि जेवायलाच आलेला असतो. चूक असते ती गवयाला तिथे बसवणाऱ्याची. आपण ज्या गायकीचा अभिमान बाळगतो, तिला ताटांच्या आणि चमच्यांच्या आवाजात बसवणे हा तिचा अनादर आहे, असे मी म्हणाले. यजमान बराच वेळ बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सुचवले की चुड्याच्या रात्री, घरची माणसे तेवढी असताना, माडीवर बैठक करावी. ती बैठक झाली. 40 माणसे, पेटी, तबला, तंबोरा आणि एक गायक. रात्री साडेअकरापर्यंत कोणी जागचे हलले नाही. लग्नघरात ऐकण्याच्या संगीताची जागा तीच होती, हे त्या रात्री सर्वांनाच पटले असावे.

राहिले रिसेप्शन. त्यासाठी मी प्रथम वेळेचा हिशेब मांडला, आणि आज कोणी मला विचारले तर मी त्यालाही तिथूनच सुरुवात करायला सांगेन. ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम, 2000 अन्वये रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, पण आपल्या घरच्या लग्नाचा दिवस त्यात येईल असे धरून चालता येत नाही. सर्व बाजूंनी बंद असलेल्या सभागृहात आतल्या आतल्या ध्वनीसाठी सवलत आहे. आमच्या सभागृहाची एक बाजू मात्र अंगणाकडे उघडी होती, आणि अंगणाच्या कुंपणापलीकडे वस्ती होती. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि दोन माणसांचे साधे बोलणेही मीटरभर अंतरावरून साधारण 60 डेसिबल भरते. म्हणजे त्या कुंपणापलीकडे रात्री दहानंतर आमचे काहीही पोहोचणे बरोबर नव्हते. तेव्हा आमच्याकडे सात ते दहा असे तीनच तास होते. आपल्याकडे पत्रिकेवर सात छापले की माणसे पावणेआठला येतात. आठ ते नऊ मंचासमोर रांग असते, त्या वेळात नाचायला कोणी मोकळे नसते, आणि वधूवर तर नसतातच. म्हणजे तीन तासांतला नाचाचा वेळ जेमतेम एक तास, नऊ ते दहा. उरलेले दोन तास भेटीगाठींचे. मुलाच्या वेळी त्या दोन तासांतही नाचाचेच संगीत नाचाच्याच आवाजात चालू राहिले होते आणि समोर नाचायला एकही माणूस नव्हते.

हा हिशेब मुलीपुढे ठेवला तेव्हा ती प्रथम नाराज झाली. मग तिनेच कागद घेऊन दोन भाग पाडले: नऊपर्यंत बोलू देणारे संगीत आणि त्यानंतर नाचाचे.

सभागृह मी तीनदा पाहिले. पहिल्या खेपेस नुसती, दुसऱ्या खेपेस यजमानांना घेऊन आणि तिसऱ्या खेपेस ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाबरोबर. हा फोंड्याचाच एक मध्यमवयीन माणूस, देवळांच्या उत्सवांत आणि नाटकांना ध्वनीची व्यवस्था करणारा. आत पाऊल टाकताच तो मधोमध उभा राहिला, त्याने एक टाळी वाजवली आणि तो डोळे मिटून ऐकत राहिला. टाळीचा आवाज भिंतीवरून आणि वरच्या पत्र्यावरून परत आला, रेंगाळला, मग विरला. त्याने चार कोपऱ्यांत जाऊन हेच केले. खाली गुळगुळीत फरशी, भिंती सपाट, वर पत्रा. अशा जागी आवाज शोषून घेणारे काहीच नसते, त्यामुळे एका शब्दावर दुसऱ्या शब्दाची सावली पडते आणि काहीच स्पष्ट ऐकू येत नाही. ऐकू येत नाही म्हणून वाजवणारा आवाज वाढवतो, आणि वाढवल्याने गोंधळ तेवढा वाढतो. माणसे आली की त्यांचे कपडे आवाज शोषतात, पण तेवढ्यावर विसंबू नये म्हणून त्याने मागच्या सबंध भिंतीला जाड पडदे लावायला सांगितले. फुलांच्या सजावटीतली एक कमान कमी करून आम्ही ते पडदे लावले.

स्पीकर कुठे असावेत, हे त्याने मला जसे समजावले तसे मला आजवर कोणी समजावले नव्हते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. मंचावरच्या मोठ्या स्पीकरपासून 2 मीटरवर 100 डेसिबल असतील, तर 4 मीटरवर 94, 8 मीटरवर 88 आणि 16 मीटरवर 82. बंद सभागृहात तो इतकाही उतरत नाही. म्हणजे शेवटच्या टेबलापर्यंत संगीत पोहोचावे म्हणून मंचावरून आवाज सोडला, की त्याची सगळी शिक्षा पुढच्या टेबलांना होते. आणि पुढच्या टेबलांवर आपण नेमके कोणाला बसवतो? आजी-आजोबांना. ज्यांच्या कानात श्रवणयंत्र असते त्यांची स्थिती आणखी बिकट, कारण ते यंत्र समोरच्या माणसाच्या बोलण्याबरोबर भोवतालचा कल्लोळही वाढवून देते. यावर त्याने सुचवलेला उपाय साधा होता. दोन मोठ्या स्पीकरऐवजी सहा लहान स्पीकर सभागृहभर विखरून लावायचे आणि प्रत्येकाचा आवाज आपल्या भोवतीच्या तीन-चार टेबलांपुरता ठेवायचा. मोठे स्पीकर नाचाच्या जागेपुरते, तेही आतल्या बाजूला तोंड करून, आणि नऊच्या आधी बंद. खर्चात फारसा फरक पडला नाही. तारा जास्त लागल्या आणि त्याला दुपारी बाराऐवजी सकाळी दहाला यावे लागले.

नाचाच्या तासाचा निर्णय त्यामानाने अवघड होता. डीजेबद्दल माझ्या मनात अढी होती, ती मी बाजूला ठेवून दोघांना भेटले. त्यांच्याकडे कोणतेही गाणे आहे तसे वाजते, जागा कमी लागते, सहा माणसांच्या जेवणखाणाची सोय पाहावी लागत नाही. या सोयी खऱ्या आहेत. त्या दोघांतला एक तर अतिशय समजूतदार मुलगा होता. त्याने मला नाचणाऱ्यांची वये विचारली. दुसऱ्याने मात्र लगेच तयार यादी पुढे केली. बोलणे संपवून उठताना माझ्या लक्षात आले की मी डीजे आणि बँड यांच्यात निवड करत नसून विचारणारा आणि न विचारणारा यांच्यात करते आहे.

अखेर बँड ठरला तो दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातला, सहा जणांचा. त्यांची तालीम ऐकायला आम्ही एका रविवारी गेलो. जुन्या घराच्या ओसरीवर वाद्ये मांडलेली, खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने, आणि दारातच ट्रम्पेटच्या कळांना तेल देत बसलेला एक तरुण. त्याने वाजवून दाखवले, मग आम्ही बोलू लागलो तसा पेटीतून धातूचा एक शंकू काढून ट्रम्पेटच्या तोंडात बसवला आणि तेच सूर पुन्हा वाजवले. आता तो आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता, आणि आमचे बोलणे न थांबवता त्याच्या कडेकडेने जात होता. बँडचा म्होरक्या साठीचा असावा. पैशांचे बोलणे निघण्याआधीच त्याने विचारले, ‘‘जाणटीं खंय बसतलीं?’’ ज्येष्ठ मंडळी कुठे बसणार, हा त्याचा पहिला प्रश्न होता. जेवणाच्या मांडण्या कोणत्या बाजूला, हा दुसरा. नवरामुलगा कुठला आणि त्याच्या घरचे कोणती गाणी गुणगुणतात, हा तिसरा. यजमानांनी माझ्याकडे पाहिले आणि मी पर्समधून आगाऊ रक्कम काढली.

सासष्टीतल्या या वादकांमागे मोठी परंपरा आहे, आणि आम्ही फोंड्याकडची माणसे तिच्याकडे अजूनही पुरेशा आपलेपणाने पाहत नाही, असे मला वाटते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथे तयार झालेली माणसे पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन शिकले. रेईश मागूशचे सेबास्तियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधले. तेव्हा साताऱ्याच्या विहीणबाईंना आवडणाऱ्या जुन्या हिंदी गाण्यांत गायकाच्या सुराखालून जो व्हायोलिनांचा दुसरा प्रवाह वाहतो, तो पुष्कळदा गोव्याच्या माणसाने कागदावर उतरवलेला आहे. बँडने ती गाणी वाजवली तर ती मुंबईहून आणलेली उसनी गाणी ठरत नाहीत. हे मी विहीणबाईंना दूरध्वनीवर सांगितले तेव्हा त्यांनी लगेच पाच गाणी लिहून पाठवली, आणि म्होरक्याने त्यांतली चार वाजवायला घेतली. पाचव्याबद्दल त्याने स्वच्छ सांगितले की ते गाणे गायकाच्या आवाजावर उभे आहे, आम्ही वाजवले तर पोकळ वाटेल. त्या एका नकारामुळे माझा त्याच्यावरचा विश्वास दुणावला.

मुलीने तिच्या मैत्रिणींशी बोलून तब्बल 30 गाण्यांची यादी केली होती. म्होरक्याने ती शांतपणे वाचली आणि परत देताना सांगितले की पहिले गाणे तू ठरव, शेवटचे तू ठरव, मधले आम्हाला नाचणाऱ्यांकडे बघून ठरवू दे. तिने थोडा विचार करून ते मान्य केले. आधीपासून बांधलेल्या यादीत, लोक दमले तरी वेगवान गाणेच येते आणि रंगात आले तरी संथ गाणे येते, हे आम्ही मुलाच्या वेळी पाहिलेच होते.

गाणी वाजवण्याच्या प्रताधिकार (कॉपीराइट) परवान्याबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सभागृहाच्या व्यवस्थापनाने आमच्याकडे तो मागितला. प्रताधिकार कायदा, 1957 मधील कलम 52(1)(झेडए) म्हणून जे कलम ओळखले जाते, त्यानुसार धार्मिक विधीच्या ओघात वाजवलेले संगीत हे उल्लंघन ठरत नाही, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक समारंभही येतात. या कलमाच्या आधारे, लग्नसमारंभात असा परवाना मागू नये, असे परिपत्रक गोवा सरकारने 2024 च्या जानेवारीत काढले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केले. कलम मात्र कायद्यात आहे तसेच आहे. अशा स्थितीत सभागृहाशी केलेल्या करारातच याची जबाबदारी कोणाची, हे लिहून घेणे बरे. आम्ही तसे लिहून घेतले आणि तो विषय तिथेच मिटला.

आता उरले ते पहिले दोन तास, आणि माझ्या मते सगळ्या संध्याकाळचा जीव त्या दोन तासांत असतो. दिरांना हवी असलेली सनई सकाळी कवळ्याला होतीच. मोकळ्या आवारात, मुहूर्ताच्या गडबडीत ती दूरवरच्या माणसालाही लग्नघर कुठे आहे ते सांगते. पण तेच वाद्य पत्र्याखाली बंदिस्त केले की टोचते. मला शब्द नकोत असेही वाटत होते, कारण शब्द कानावर पडले की मन त्यांच्या मागे जाते आणि समोरच्याचे बोलणे अर्धवट राहते. असा विचार करत आम्ही व्हायोलिन आणि तबला यांच्यापाशी आलो. व्हायोलिनवादक पणजीचे, हिंदुस्थानी पद्धतीने वाजवणारे. त्यांना विचारले तेव्हा त्यांनी रागांचा क्रम स्वतःच सांगितला. सातला यमन, मग भूप, पाहुण्यांची गर्दी झाली की हंसध्वनी, साडेआठनंतर बिहाग आणि शेवटी देशमधली एखादी धून. मारवा वाजवणार नाही, असे ते न विचारताच म्हणाले. वेळ सूर्यास्ताची असली तरी मारव्यात पंचम नाही आणि षड्जावर विसावा फार उशिरा मिळतो. ऐकणाऱ्याच्या मनात त्याने एक हुरहूर धरून राहते. मुलगी सासरी जाण्याच्या दिवशी ती हुरहूर बाहेरून आणायची गरज नसते.

मुलीचा एक हट्ट मात्र मी पूर्णपणे तिच्या मनासारखा पुरवला. तिला सभागृहात प्रवेश करताना घुमट हे आमच्याकडचे मातीच्या मडक्याचे तालवाद्य हवे होते. वाड्यावरची मुले चतुर्थीला आमच्या घरी घुमटआरती करतात, त्यांच्याच बरोबर ती वाढली. आरती देवाची, ती रिसेप्शनमध्ये गायची नाही, यावर सर्वांचे एकमत होते. म्हणून घुमट, शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे ही झांज यांची केवळ सुवारी, म्हणजे शब्दांशिवायचे वादन, वाजवायची ठरली. 2019 साली घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, तेव्हापासून मुलांमध्ये त्याबद्दल एक वेगळाच उत्साह आहे. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिल्यापासून बकऱ्याचे कातडे लावतात, आणि आवाजात फरक पडतो असे जुनी माणसे म्हणतात. त्या दिवशी मुलांनी दुपारभर घुमटे आमच्या अंगणात उन्हात ठेवली होती. संध्याकाळी एका मुलाने घुमट काखेत घेऊन मला दाखवले: उजव्या हाताची बोटे ताणलेल्या कातड्यावर पडत होती आणि डावा तळवा मडक्याच्या मागच्या अरुंद तोंडावर उघडझाप करत होता. तळवा मिटला की आवाज आत दबायचा, उघडला की विहिरीत घागर बुडावी तसा खोल व्हायचा. मातीचे एवढेसे भांडे, पण त्याला कोणत्याही ध्वनिक्षेपकाची गरज लागली नाही. सात मिनिटे ती मुले वाजवत होती, आणि पुण्याच्या मैत्रिणी हातातले मोबाइल खाली करून नुसत्या बघत राहिल्या.

सगळे ठरवल्याप्रमाणे झाले असे नाही. साडेसातला वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला चार मिनिटे लागली; व्हायोलिन त्या अंधारात ध्वनिक्षेपकाशिवाय वाजत राहिले आणि पुढच्या चार टेबलांपर्यंत पोहोचले. बँडला मंचाशेजारची जागा अपुरी पडली, म्हणून ड्रम एका खांबाआड गेले. साताऱ्याची मंडळी नाचायला उठतील की नाही, याची मला धास्ती होती. म्होरक्याने विहीणबाईंच्या यादीतले पहिले गाणे अगदी सावकाश सुरू केले, पहिल्या कडव्यापर्यंत कोणी उठले नाही, तेव्हा त्याने ट्रम्पेटवाल्याला खूण करून तोच मुखडा पुन्हा घेतला, आणि जावयांचे काका त्यांच्या पत्नीचा हात धरून उठले. त्यानंतर दहा वाजेपर्यंत ती जागा मोकळी झाली नाही. मैत्रिणींच्या मागणीवरून शेवटी कोकणी गाण्यांची एक माळ झाली, तिच्यात आमचे भजनी मंडळही होते. दहाला पाच कमी असताना म्होरक्याने मुलीचे ठरलेले शेवटचे गाणे घेतले आणि वेळेवर थांबवले.

पण मला सांगायचे आहे ते आठ वाजून वीस मिनिटांनी घडलेले.

मावशी आता 86 वर्षांची आहे. या वेळी तिला बसने येऊ दिले नाही, माझा भाचा गाडीने घेऊन आला. रांग जरा विरळ झाली तशी ती मंचावर चढली. मुलीने उठून तिला आपल्या खुर्चीवर बसवले आणि स्वतः तिच्यासमोर, शालू सावरत, खाली टेकली. जावईही वाकून जवळ आले. मावशी बोलू लागली. मी बारा-पंधरा हातांवर, व्हायोलिनवादकांच्या शेजारी उभी होते, त्यामुळे मला शब्द ऐकू येत नव्हते. मुलगी मात्र मध्येच काही विचारत होती, मावशी उत्तर देत होती, एकदा दोघीही हसल्या, आणि जावयांनी काहीतरी पुन्हा विचारून नीट समजून घेतले.

हंसध्वनीची गत तेवढ्यात संपली. वादकांचे व्हायोलिन आपल्या पद्धतीप्रमाणे उजव्या पावलाशी टेकलेले होते. त्यांनी बिहाग सुरू करायला गज उचलला, मंचाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी काहीच खूण केली नाही. त्यांनी गज मांडीवर ठेवला आणि तबलजीकडे बोट हलवले. तबलजीने दोन्ही हात तबल्यावर पालथे ठेवले. सभागृहात माणसांच्या बोलण्याचा आवाज तेवढा राहिला. मावशीचे बोलणे संपून ती कठड्याला हात लावून उठेपर्यंत, आणि मुलीने तिला पायरीवरून खाली उतरवून दिले तोपर्यंत, तो गज त्यांच्या मांडीवरच होता.